हळद्याच्या माहेरी

आमच्या कोल्हापूरकडे हळद्या येतो तो थंडीत. दिवाळी उलटली की पंचगंगेकाठच्या आंबराईत एखाद्या सकाळी पाव्यासारखी ओली शीळ कानावर पडते. मान वर करून बराच वेळ शोधलं, तर पानांच्या आड एक पिवळाधमक ठिपका हललेला दिसतो, आणि दिसला दिसला म्हणेपर्यंत पुढच्या झाडात जातो. होळी झाली की तो नाहीसा होतो. कुठे जातो, ते मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांसाठी पक्ष्यांची चित्रं काढून ठेवायचा मला नाद आहे. प्रत्येक पक्ष्याची दोन चित्रं असतात, एक फांदीवर बसलेल्या पक्ष्याचं आणि दुसरं त्याच्या घरट्याचं. चिमणी, बुलबुल, सुगरण, शिंपी असे चाळीसेक पक्षी झाले होते. हळद्याच्या घरट्याचा कागद तेवढा कोरा होता. आमच्याच शाळेत संस्कृत शिकवणारे भास्करराव खानदेशातले, पारोळ्याजवळचे. एकदा माझ्या टेबलावरचं चित्र बघून ते सहज म्हणाले, "हा तर आमच्या मळ्यातला. विहिरीवरच्या आंब्याला दर वर्षी घर टांगतो." मी ब्रश खाली ठेवला. त्या उन्हाळ्याच्या सुटीत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामुळे त्यांना गावी जाता येईना, पण वडिलांना त्यांनी पत्र टाकलं, आणि चैत्र संपता संपता मी एकटाच निघालो.

धुळे

आगगाडीतल्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या दुपारसारखं होतं. पांझरेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. माणसं डोक्याला उपरणं गुंडाळून भिंतीच्या सावलीनं चालत होती. मीही तसंच करायला शिकलो.

खाणावळीत माझी घमेंड उतरली. कोल्हापूरचा माणूस म्हणजे तिखटाला भिणारा नव्हे. वाढपी म्हणाला, "ठेचा जपून घ्या, साहेब," तेव्हा मी हसून आणखी मागितला. सोबत कळण्याची भाकरी होती. ही ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात, रंगानं काळसर आणि चवीला खमंग. पहिला घास छान गेला. दुसऱ्या घासाला कान बंद झाले. आमचं तिखट मसाल्याच्या आडून येतं. हे समोरून येतं आणि येताना हाक मारत नाही. वाढप्यानं ताकाचा तांब्या आणून ठेवला. तो बहुधा आधीच भरून तयार होता.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं पारोळ्याला आलो. किल्ल्याच्या खंदकाजवळ मोटार थांबते. तिथे पांढरा फेटा बांधलेले, उंच, सडपातळ असे एक गृहस्थ बैलगाडी जुंपून उभे होते. भास्कररावांचे वडील, नाना.

"मास्तर का? भास्करनं पत्र उनं," ते म्हणाले. मी नमस्कार केला. गाडी बोरी नदीच्या बाजूला वळल्यावर त्यांनी बराच वेळ मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "खरंच पाखरू देखाले उनात? इतला दूर?"

मी म्हटलं, "हो नाना, पाखरूच बघायला आलो."

त्यांनी बैलांकडे बघत मान डोलावली. "मन्ही उमर तेनाखाले गई," ते म्हणाले, "कधी वर देखं नही."

विहिरीवरचा आंबा

नानांच्या घरात सत्ता चालते ती अक्कांची. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आवाज मात्र मळ्याच्या बांधापर्यंत पोचणारा. त्यांनी मला जेवू घातलं, कुठल्या मुलखात काय पिकतं ते विचारलं, आणि पहाटे मोट सुरू व्हायच्या आधी विहिरीवर जा, असं बजावलं. "मोट चालू व्हयनी का ते पाखरू लपस," त्या म्हणाल्या. घरातलं त्या पाखराबद्दलचं सगळं ज्ञान त्यांच्याकडेच होतं. खानदेशात हळदीला हयद म्हणतात, म्हणून तो इथे हयद्या.

पहाटे गेलो. विहीर दगडी, रुंद. तिच्यावर जुना आंबा, आणि त्याची एक लांब आडवी फांदी थारोळ्याच्याही पुढे गेलेली. मोटेचं पाणी ज्या दगडी कुंडात पडतं ते थारोळं. मी शेंड्याकडे बघत होतो तेवढ्यात शीळ आली, पण त्या आडव्या फांदीवरून. हळद्या नर फांदीवरून सरळ थारोळ्यातल्या पाण्यावर आपटला, पाणी उडवून परत फांदीवर गेला, पुन्हा आपटला. असं चार वेळा. मग उन्हात बसून त्यानं पंख झाडले. इतक्या वर्षांत मी त्याला असा उघड्यावर पाहिलाच नव्हता. पिवळा म्हणजे किती पिवळा ते लिहून कळणार नाही; नव्या हळकुंडाचा आतला रंग घ्या आणि त्यावर ऊन पाडा. पंख काळे, चोचीपासून डोळ्यापलीकडे गेलेली काजळाची रेघ, चोच गुलाबी, डोळा लाल.

त्याच्या पाठोपाठ माझी नजर गेली आणि घरटं दिसलं. त्या आडव्या फांदीच्या अगदी टोकाला, दोन डहाळ्यांच्या बेचक्यात, बाळाच्या झोळीसारखं टांगलेलं. गवत आणि झाडाच्या सालीचे धागे दोन्ही डहाळ्यांना गुंडाळून वळवलेले, वरून कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेले, आणि मधेमधे पांढरं सूत. आत मादी बसली होती. ती नरासारखी झगमगीत नसते. पाठ हिरवट, छातीवर बारीक रेघा. पानात ती पानच होते.

घरट्याच्या आत बघायची युक्ती मी घरूनच योजून आणली होती. दाढीचा आरसा एका बांबूच्या टोकाला तिरका बांधला, मादी उठून गेल्यावर मोटेच्या धक्क्यावर उभं राहून हळूच वर नेला. आरशात तीन अंडी दिसली, गुलाबी झाक असलेली पांढरी, जाड टोकाकडे शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके. मी नीट बघावं म्हणून एक पाऊल मागे टाकलं. त्याच आंब्यावर कोतवालाचंही घरटं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ते काळं, दुशेपटी पाखरू कावळ्या-घारींनाही मारून हाकलतं, म्हणूनच हळद्या त्याच्या शेजाराला घर करतो. कोतवाल माझ्या टोपीवर येऊन आदळला. दुसरं पाऊल मी मागे टाकलं ते थारोळ्यात.

बांबू वर धरलेला होता, म्हणून आरसा वाचला. मी गळ्यापर्यंत भिजलो. मोट जुंपायला आलेल्या नानांनी मला पाण्यात बसलेलं पाहिलं. "पाखरू देखं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग बठ्ठं ठीक," म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून त्यांनी मला हात दिला.

झोका

दोन दिवसांवर आखाजी आली होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडेही घागर पुजतात, आंब्याचा रस करतात आणि दिवस संपतो. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि वर्षभराचं बोलणं गाण्यांत बोलून घेतात. भास्कररावांची धाकटी बहीण यमुना बोदवडला दिलेली. मागच्या आखाजीला सासू आजारी म्हणून तिला धाडलं नव्हतं. ती आली तेव्हा अक्कांनी तिला दारातच धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. नाना बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं गोठ्यात गेले आणि तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुना आणि सहासात जणी हसत-खिदळत मळ्यात आल्या. एकीच्या खांद्यावर जाड दोर होता. मी धक्क्यावर बसून घरटं रेखाटत होतो. दोर कुठे टाकणार ते लक्षात आलं आणि माझा हात थांबला. त्या आंब्याला झोका बांधण्याजोगी फांदी एकच होती, तीच आडवी.

मी अक्कांकडे धावलो. त्या भाकरी थापत होत्या. "माले काय सांगतस," त्या म्हणाल्या. "झोका पोरीसना शे. पोरीसले सांगा."

तेव्हा मी परत येऊन त्या मुलींसमोर उभा राहिलो आणि शाळेत करतो तसं भाषण केलं. अंडी उबवली गेली आहेत, आज-उद्या पिल्लं बाहेर येतील, फांदी हलली तर घरटं सुटेल, सुटलं नाही तरी एवढ्या गडबडीनं मादी उठून जाईल. मुली ऐकत होत्या. चंद्रा नावाची एक काटक मुलगी दोर खाली ठेवायला तयार नव्हती.

"पाखरू दर साल येस, मास्तर," ती म्हणाली. "आम्हले दर साल कोन धाडस?"

त्यांचं येणं सासरच्यांनी धाडण्यावर होतं. पाचशे मैलांवरून एका चित्रासाठी आलेला माणूस मी, आणि वर्षातून मिळणारे चार दिवस त्या मुलींकडून मागत होतो. मला माझी लाज वाटली. मी म्हटलं, "तुमचं खरं आहे. बांधा तुम्ही," आणि कागद आवरायला लागलो.

"थांबा," यमुना म्हणाली. "माले दखाडा."

मी तिला धक्क्यावर उभं केलं. वारा सुटला होता. फांदीचं टोक वर-खाली होत होतं, आणि त्याबरोबर ती झोळी. मादी आत अंग चोरून बसली होती. फक्त चोच आणि शेपटीचं टोक काठाबाहेर दिसत होतं. झुळूक जोरात आली की ती आणखी खाली दबे. नर समोरच्या डहाळीवर येऊन बसला, तिच्या चोचीत काहीतरी दिलं आणि गेला. यमुना पापणी न लववता बघत होती. बाकीच्या खाली उभ्या राहून कंटाळल्या, एकीनं तिला हाकही मारली.

ती खाली उतरली आणि चंद्राच्या हातातून दोर घेतला. "आपला झोका चार दिनना शे," ती म्हणाली. "तिनं ते बठ्ठं घरच टांगेल शे."

"मंग आपला कोठे?" चंद्रानं विचारलं.

गावाच्या कडेला एक म्हातारे पिंजारी राहत, सगळे त्यांना चाचा म्हणत. बोरीच्या वाळूकडे तोंड केलेली त्यांची झोपडी, आणि तिच्यावर गावातली सगळ्यांत मोठी चिंच. तिला झोका कधी बांधला नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मुलींच्या मागून मीही गेलो. चाचा अंगणात बसून कापूस पिंजत होते. दाढीवर, भुवयांवर, सगळीकडे कापूस. यमुनेनं विचारलं तेव्हा त्यांनी धनुकली बाजूला ठेवली.

"इसमें पूछना क्या, बेटी," ते म्हणाले. "पेड तुम्हारा हैच." ते उठले, कापूस आणि धनुकली आत नेली, आणि झाडू घेऊन स्वतः चिंचेखालचे खडे काढू लागले. सुताचा मला उलगडा झाला तोही तिथेच. घरट्यात पांढरे धागे आहेत असं मी म्हणताच ते हसले. "वो पीला चोर," ते म्हणाले. "दरवाजे तक आता है. एक दिन तो मेरे सामने से धागा खींच के ले गया."

चंद्रा त्या दिवशी झोक्यावर बसली नाही. आखाजीच्या सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी ती चिंचेखाली हजर होती, आणि चिंचेची फांदी आंब्याच्या फांदीपेक्षा उंच असल्यामुळे झोका लांब जातो, हेही तिनंच सगळ्यांना सांगितलं.

आखाजी

त्या दिवशी पहाटे आरशात अंड्यांच्या जागी एक अंडं आणि दोन गुलाबी, उघडे, डोळे मिटलेले जीव दिसले. संध्याकाळी तिसरंही बाहेर आलं होतं. ही बातमी मी घरात सांगितली तेव्हा अक्का उपड्या खापरावर मांडे करत होत्या. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत त्या तो असा वाढवत की शेवटी कोपरापर्यंत पातळ रुमालासारखा लोंबे, आणि मग एका फेकीत खापरावर. आमच्या पोळीला लाटणं लागतं. इथे लाटण्याचं काम हात करतात. मी चार मांडे रसाबरोबर खाल्ले आणि पाचव्याला नाही म्हटलं नाही.

दुपारभर चिंचेखाली गाणी चालली होती. सासूवर, नणंदेवर, दूरच्या बापावर, आणि मधेच माझ्यावरही एक नवं रचलं गेलं. चंद्रानं म्हटलं आणि बाकीच्यांनी उचललं:

कोल्हापूरना मास्तर पाखरू देखाले उना,
पानीम्हा पडीसन टोपी सोधत ऱ्हायना.

चाचा दारात बसून ताल देत होते. मी टोपी काढून हातात घेतली, त्यावर हशा झाला.

पुढचे पंधरा दिवस मी मळ्यातच होतो म्हटलं तरी चालेल. नर-मादी दोघंही पिल्लांना भरवत. सकाळी सुरवंट आणि अळ्या, उन्हं वाढली की नदीकाठची पिकली उंबरं. भरवून झालं की पिल्लाची विष्ठा चोचीत धरून दूर टाकून येत, घरट्याखाली कधी डाग दिसला नाही. शीळ घालणारा तोच नर कावळा दिसला की घोगऱ्या आवाजात चरचरत असे, आणि ते ऐकून कोतवाल धावत. यमुना दुपारी माझी भाकरी घेऊन यायची. भाकरी खाली ठेवायच्या आधी तिला आरसा हवा असे. "आज डोया उघडात," ती घरी जाऊन सांगे, आणि अक्का विचारत, "तीन्हीसना?"

एके दिवशी अक्का स्वतः आल्या. धक्क्यावर चढल्या नाहीत, खाली सावलीत बसल्या.

"थंडीमा तुमनाकडे येस ना हाऊ?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"काय करस तठे?"

मी विचार केला. "खातो. गप्प असतो बराचसा. घर बांधत नाही."

अक्कांनी वर बघितलं. नर शीळ घालत होता. "मंग तुमनाकडे सासर आन आमनाकडे माहेर," त्या म्हणाल्या. मी पुस्तकात पक्ष्यांबद्दल जे काही वाचलं आहे, त्यात एवढं थोडक्यात कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

शेवटचा दिवस

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी यमुनेला न्यायला तिचा दीर आला. जाड मिशांचा, मितभाषी, छत्री घेतलेला माणूस. पारोळ्याहून दुपारची मोटार गाठायची, मग रेल्वे, असा त्याचा हिशेब ठरलेला. घरी यमुना नव्हती. अक्कांनी त्याला मळ्याची वाट दाखवली.

आम्ही सगळे तिथेच होतो. सकाळपासून दोन पिल्लं एकामागोमाग घरट्यातून निघून आंब्याच्या वरच्या फांद्यांत पोचली होती. तिसरं निघालं, पण पंखांत जोर कमी पडला. ते फडफडत खाली आलं आणि विहिरीपलीकडच्या मोकळ्या जमिनीवर बसलं. हिरवट अंग, आखूड शेपूट, छातीवर रेघा. बाभळीवर दोन कावळे आधीच येऊन बसले होते. हातानं उचलून ठेवावं तर आई-बाप बिथरतील आणि पिल्लू घाबरून विहिरीत पडेल, म्हणून मी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. चंद्रा, यमुना आणि आणखी दोघी चार बाजूंना उभ्या राहिल्या आणि पदर हलवून कावळ्यांना हाकलू लागल्या.

"वहिनी, निघायचं ना?" दीर म्हणाला. बोदवडकडची बोली निराळी, आमच्याकडच्या मराठीला अधिक जवळची. यमुनेनं ओठांवर बोट ठेवलं आणि जमिनीकडे दाखवलं. त्यानं पाहिलं. कपाळाला आठी पडली. तेवढ्यात एक कावळा खाली झेपावला, तो नेमका त्याच्या बाजूनं. दीरानं छत्री उघडली ती कावळ्याच्या तोंडावरच. कावळा ओरडत परत गेला. दीर तिथेच उभा राहिला, उघडी छत्री पुढे धरून, आणि त्या बाजूची राखण त्याची झाली.

दुपार सरली. नर आंब्याच्या खालच्या फांदीवर येई, चोचीत उंबर धरून, शीळ घालून परत जाई. पिल्लू दोन उड्या मारी आणि बसे. मोटारीची वेळ टळली ती सगळ्यांना कळली. नाना पाण्याची घागर घेऊन आले, आधी व्याह्याच्या मुलाला पाणी दिलं, मग बाकीच्यांना. उन्हं उतरायला लागली तेव्हा पिल्लानं कुंपणाच्या एका काटकीवर उडी घेतली. तिथे बराच वेळ डोलत राहिलं. नर या वेळी काटकीजवळ आला, उंबर न देताच विहिरीवरून आंब्याकडे उडाला आणि तिथून हाक मारली. पिल्लानं पंख पसरले, विहिरीच्या बरोबर मधोमध थोडं खाली आलं, आणि मग ते वर गेलं. आंब्याच्या पानांत शिरलं. वर पाव्यासारखी शीळ वाजली, आणि तिच्यामागून एक बारीक, कच्चा आवाज.

चंद्रानं यमुनेला मिठी मारली. मी शीस-कागद काखेत धरून दिवसभर उभा होतो आणि एक रेघही काढली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

दीरानं छत्री मिटली, कपाळ पुसलं, अंगरख्यावरची धूळ झटकली. यमुना पदर सावरून त्याच्यासमोर आली. बांधून ठेवलेलं बोचकं घरी दारात होतं, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

त्यानं नानांकडे बघितलं, मग आंब्याकडे. "वहिनी," तो म्हणाला, "आज ऊन लई आहे. उद्या निघू."

सूर्य तेव्हा बोरीच्या वाळूमागे टेकला होता. मळ्यातल्या कुणीही ते त्याच्या लक्षात आणून दिलं नाही.